बारावा ठोका

आमच्या शहरातला बायकांचा सगळ्यात मोठा उत्सव मी आजवर एकदाही पाहिलेला नाही. पासष्टी उलटली, सगळा जन्म किनाऱ्यालगतच्या मांडवीत गेला, खारा वारा खाऊन घराच्या खिडक्यांचे गज चार वेळा बदलून झाले, पण मार्गशीर्षातल्या त्या नवमीला बायका खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या काळ्या कातळावर, जाऊन काय करतात ते मी फक्त कानांनी ऐकलं आहे. तेही स्वयंपाकघरात पाटावर बसून, डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत, कांदा चिरता चिरता. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे जरा संशयाने बघतात. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते सांगायला आवडतं.

गोष्ट सुलतानांच्या काळातली. गावातले पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात गेले होते आणि नेमकी तेव्हा परमुलखातली तीन गलबतं लुटीसाठी किनाऱ्याकडे वळली. गावात बायका, पोरं आणि खाटेवरचे म्हातारे, एवढीच माणसं. तेव्हा एका बाईने नवऱ्याचं धोतर डोक्याला गुंडाळलं, काजळाने मिशी काढली, भात कांडायचं मुसळ खांद्यावर टाकलं आणि ती खडपावर जाऊन उभी राहिली. मुसळ खडकावर आपटायला लागली. तिचं बघून दुसरी आली, तिसरी आली, दुपारपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. गलबतांवरच्या लोकांना लांबून ती फौज वाटली आणि ते आल्या वाटेने परत गेले. त्या बाईचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आम्ही तिला नुसतं 'बाय' म्हणतो. फार वर्षांपूर्वी इतिहासाचे एक प्राध्यापक पुरावा मागत आले होते. त्यांना मांडवीतल्या शेवंताकाकीने आपलं मुसळ दाखवलं.

तर त्या दिवशी पुरुष गावात नव्हते, म्हणून आजही नवमीला पुरुष गावात नसतात. म्हणजे असतात, पण दारं-खिडक्या लावून घरात. ते 'दर्यावर गेले' असं समजायचं. आणि बायका पहाऱ्यावर म्हणून रांधायचं पुरुषांनी. बायका परत येऊन नारळ फुटेपर्यंत कुठल्याही पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर नवमी मोडली, आणि त्या घराचं नाव देवीच्या कौलातून कायमचं गेलं. आमच्या आळीत असं एक घर आहे. त्यांचे आजोबा सुटलेलं वासरू धरायला दगडी गडग्यापलीकडे गेले होते. वासरू गेलं, आजोबा गेले, पण त्या घरातल्या पोरांना अजून वासरावरून चिडवतात. हल्ली सगळं सोपं झालंय. बायका मोबाईलवर चित्रण करतात आणि घरात बसलेले पुरुष ते जागच्या जागी बघतात. माझा नातूच मागच्या वर्षी म्हणाला, आजोबा, आपण घराबाहेर कुठे पडलोय, या ना बघायला. मी गेलो नाही. माझी नवमी कानांची आहे, ती तशीच राहू दे.

आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. घरीदारी सगळे त्यांना भाऊच म्हणत. स्वभावाने भित्रा म्हणावा इतका सरळ माणूस. सायकलचा दिवा बंद पडला तर खाली उतरून, सायकल हातात धरून चालत घरी येणार. मग रस्त्यावर पोलीस सोडाच, कुत्रं का नसेना. एक दिवसाची रजा हवी असली तर चार दिवस आधी अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत धड जेवण नाही. अशा माणसाला वर्षातून एकदा चूल पेटवायची म्हणजे केवढी जबाबदारी. आठवडाभर आधीपासून ते आईकडून कृती उतरवून घेत. कागदाच्या डोक्यावर वळणदार अक्षरात 'विषय : बांगड्याचं तिखलं' असं लिहिलेलं असे, खाली एक-दोन-तीन करून मुद्दे. तो कागद चुलीसमोरच्या भिंतीला खिळ्याने लावायचा आणि त्याच्या बाहेर एक चिमूट मीठ जायचं नाही. जेवण दरवर्षी तेच. नव्या उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. माझ्या वाट्याची कामं म्हणजे कांदा, लसूण आणि भाऊंना चष्मा पुसून देणं, कारण त्यांचे हात मसाल्यात असत. वर्षभर माझ्याशी अभ्यासापलीकडे न बोलणारा हा माणूस त्या एका सकाळी माझ्याशी गप्पा मारायचा. मला नवमी आवडायची ती त्यासाठी.

मी चौदा वर्षांचा असताना कौल आमच्या घराला लागला. नवमीला सगळ्यांच्या पुढे जी बाई उभी राहते, 'बाय' होते, ती कौलाने ठरते. गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो आणि एकेका घराचं नाव घेऊन विचारतो. उजवी पाकळी पडली की ते घर. एकदा मान मिळालेल्या घराचं नाव पुढे कित्येक वर्षं घेत नाहीत, म्हणजे बाईच्या जन्मात एकदाच मिळाला तर मिळायचा. माझ्या आजीला तो मिळालाच नव्हता. आणि आईला मिळाला तो नेमका त्या वर्षी, जेव्हा ती मुंबईहून ऑपरेशन करून येऊन चार महिनेच झाले होते. मला आणि धाकट्या सुमीला पोटाचं ऑपरेशन एवढंच सांगितलं होतं. गर्भाशय काढलं हे मला पुढे फार वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की आई पूर्वीसारखी चालत नाही, बसताना भिंतीला हात लावते, आणि डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली आहे. पाण्याची कळशीसुद्धा मीच भरत होतो. मुसळ कळशीपेक्षा जड नसेल, पण ते एकवीस वेळा उचलून खडकावर आपटायचं होतं. पहिले एकवीस ठोके एकट्या बायने मारायचे, मग बाकीच्या सगळ्या. हातातलं मुसळ मध्ये टेकवून दम घेतला तरी चालतं, पण ते सोडायचं नाही. सोडलं तर मागची पुढे येते आणि मान तिचा होतो.

निरोप घेऊन शेवंताकाकी आली. ही मांडवीतल्या बायकांची म्होरकी, मासळी विकून चार पोरं शिकवलेली, कुणाला न घाबरणारी. भाऊंनी तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि आमच्याने व्हायचं नाही, कौल पुढच्या घराला द्या, असं हळू आवाजात सांगितलं. आई आत पडून होती. ती उठून दारात आली आणि म्हणाली, मी जाणार. त्यावर तीन दिवस आमच्या घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भाऊंना भांडता येत नसे. ते डॉक्टरांचा कागद काढून पुन्हा पुन्हा वाचून दाखवत आणि आई तो ऐकून घेई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि एकच गोष्ट बोलली. ती मला जशीच्या तशी आठवते.

"चार महिने सगळे मला बस म्हणतायत. मी बसून बसून संपून जाईन हो. एक दिवस मला उभी राहू द्या."

 दुसऱ्या दिवशी भाऊ बाजारातून आईच्या पोटाला बांधायचा रुंद पट्टा घेऊन आले.

नवमीच्या सकाळी त्यांनी आईच्या डोक्याला स्वतःचं उपरणं बांधलं.  सुमीने काजळाने आईची मिशी काढली, जरा वाकडीच झाली. मग ढोल आला, बायकांचा घोळका दारात आला, आई मुसळ खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरली, सुमी तिच्या मागे गेली आणि आम्ही दोघांनी दार लावून घेतलं. ढोल लांब गेला. आम्ही चुलीपाशी बसलो. त्या दिवशी भाऊ बोलत नव्हते. कागद भिंतीवर होता, पण ते मसाल्यात तिरफळं घालायचंच विसरले आणि मी ती मागाहून टाकली.

आमच्या मागीलदारापासून खडप हाकेच्या अंतरावर. दुपारी ओहोटी लागून कातळ उघडा पडला की ठोके सुरू होतात आणि त्या वेळी सगळं शहर चिडीचूप असतं. रेडिओ बंद, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. ढोल थांबला. मग पहिला ठोका आला. लोखंडी कडं बसवलेल्या मुसळाचा कातळावरचा आवाज, कोरडा आणि स्वच्छ. भाऊंनी ओठ हलवले. मी त्यांच्याकडे बघून मोजायला लागलो. चार, पाच, सहा. नुसत्या आवाजावरून काय कळतंय, पण मला वाटलं आई छान मारतेय. आठव्यानंतर ठोके लांबायला लागले. दहावा आला तो बेताचाच. अकरावा ऐकू आला की नाही, अशी शंका यावी इतका हलका आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

चुलीवर भात रटरटत होता. भाऊंचा एक हात मसाल्याने भरलेला, दुसऱ्यात पळी. आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. बारावा आला नाही. सगळ्या मांडवीत, प्रत्येक घरात पुरुष असेच कान लावून बसले असणार, आणि त्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं असणार की आमची आई थांबली. मी भाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि मला भीती वाटली, कारण असं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

ते उठले आणि मागच्या दारापाशी गेले. बाहेरच्या दोरीवर आईचं जुनं हिरवं पातळ वाळत होतं, ते उंबऱ्याच्या आतूनच हात लांबवून ओढून घेतलं. लेंग्यावरून गुंडाळायला लागले. मी निऱ्या धरत होतो, ते खोचत होते. दोन खोचल्या की तीन सुटत. शेवटी त्यांनी लेंग्याची नाडी वरून आवळली. डोक्याला पंचा गुंडाळला. मग माझ्या लक्षात आलं की ते बाईचं सोंग घेत नाहीयेत, तर पुरुषाचं सोंग घेतलेल्या बाईचं सोंग घेतायत. मिशी त्यांची स्वतःचीच होती, आणि मला वाटलं की आजच्या दिवशी ती काजळात खपून जाईल. चष्मा त्यांनी काढला, दोन पावलं टाकून दाराच्या चौकटीवर आपटले आणि परत घातला.

"दिसतंय का रे काही?" त्यांनी मला विचारलं.

पातळाखाली लेंगा दिसत होता, त्याखाली त्यांचे केसाळ पाय दिसत होते. मी म्हटलं, नाही.

"भात बघ," असं म्हणून ते मागच्या दाराने गेले. सायकलच्या दिव्यासाठी पायी चालणारा माणूस उंबरा ओलांडून गेला. आमच्या घराचं नाव कौलातून जाणार, आईचा मान जाणार, आणि जन्मभर आळीत वासरासारखं काहीतरी चिकटणार, हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. त्यांनाही कळत असणार. मी भाताकडे बघितलंच नाही. दाराच्या फटीला कान लावून उभा राहिलो. वाऱ्याचा आवाज, माडांच्या झावळ्यांचा आवाज, आणि दुसरं काही नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बारावा ठोका आला.

तेरावा आला, चौदावा आला. पहिल्यापेक्षा दमदार येत होते. मी मोठ्याने मोजायला लागलो, मनाई असून. एकविसावा झाला तेव्हा मी रडत होतो हे मला गालाला हात लागल्यावर कळलं. मग सगळ्या बायकांची मुसळं एकदम कातळावर पडली. फळीवरची आमची पितळी भांडी थरथरली. त्या गदारोळात भाऊ मागच्या दाराने आत आले, पातळ काढून बोळा केला आणि ट्रंकेमागे कोंबला. चपला कुठेतरी राहिल्या होत्या आणि खडपावरच्या कालवांची धारदार शिंपलं लागून पायाचा अंगठा चांगलाच फाटला होता. त्याला मी हळद भरली. तेव्हा कुठे आम्हां दोघांना करपल्याचा वास आला.

तिकडे काय झालं ते मला आईने सांगितलं, पण त्याला वीस वर्षं जावी लागली. भाऊ गेल्यानंतर एकदा मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होतो तेव्हा ती आपणहून बोलली. अकरा ठोके झाले आणि तिच्या डोळ्यांपुढे काळोखी आली. मुसळ टेकवून ती नुसती उभी राहिली. सोडून द्यावं असं मनात आलंच होतं. तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलं. आधी तिला शेवंताकाकी वाटली. मग लसणीचा आणि कच्च्या मसाल्याचा वास आला. त्या माणसाने मुसळाला हात लावला नाही, तिच्या हातालाही लावला नाही. फक्त म्हणाला, "टेक." ती त्याच्या छातीला पाठ लावून टेकली आणि उरलेले दहा ठोके तिने तसेच, टेकून मारले. "तुझे भाऊ काही बोलायचे नाहीत रे," आई म्हणाली, "पण टेकायला कधी कमी पडले नाहीत." एवढं बोलून तिने पाय आखडून घेतला आणि तेल पुरे म्हणाली. मला त्या दिवशी भाऊंची फार आठवण आली. मी त्यांना घाबरट समजत होतो, ते मला कधी सांगताही आलं नाही आणि त्याबद्दल माफीही मागता आली नाही.

पण त्या दुपारी आम्हाला एवढंच माहीत होतं की आई एकवीस मारून येते आहे आणि भात करपला आहे. बायका वाजत गाजत आल्या. बायच्या घरी सगळ्या मानाचे दोन घास खायला पंगतीत बसतात आणि घरचे पुरुष वाढतात, ही रीत. ओटीवर, पडवीत, माजघरात बायकाच बायका, डोक्याला फेटे, घामाने ओघळलेल्या मिश्या. आई मधोमध भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता, पण नजर वर होती. मी भात वाढत होतो, भाऊ लंगडत लंगडत पिठी. भाताला करपट वास येत होता आणि एकही बाई त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. उलट भात झकास झालाय असं दोघी-तिघी म्हणाल्या. एकीने तर यंदा मिश्या किती छान काढल्या होत्या एकेकीने, असंही म्हटलं आणि तिच्या शेजारची पाण्याचा घोट घशात अडकून खोकायला लागली. भाऊंचे कान लाल झाले.  सगळ्यांना कळलं होतं.

आणि मग गुरव आला. त्या दिवशी बाहेर पडायची मुभा एवढ्या एकट्या पुरुषाला, तीही बायका परतल्यावर. त्याच्या हातात नारळ असतो. तो फोडायच्या आधी त्याला बायकांना विचारावं लागतं, की आज कुणी पुरुष दर्यावरून परत फिरला का, कुणाच्या नजरेला पडला का. बायका एका सुरात 'नाय' म्हणतात, नारळ फुटतो, दारं उघडतात. देवीच्या नावाने विचारलेलं असतं, त्यामुळे तिथे खोटं बोलायची कुणाची छाती नसते. गुरवाने नेहमीप्रमाणे विचारलं. आणि त्या वर्षी कुणीच काही बोललं नाही.   भाऊंनी पिठीचं भांडं खाली ठेवलं. ते आता स्वतःच सांगून टाकणार हे मला दिसलं. तो माणूस देवीपुढे गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच. तेवढ्यात सुमी, जी आईच्या मांडीला लागून बसली होती, ती म्हणाली, "भाऊ तर..." आणि आईने तिच्या तोंडात भाताचा मोठा घास कोंबला.

गुरवाने आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं.

शेवंताकाकीने बोटं चाटून पुसली. फेटा नीट केला. मग ती भाऊंकडे न बघता गुरवाला म्हणाली, "आमची नजर दर्यावर व्हती. तरी पन देवीची आन घेऊन सांगतंय, खडपावर जेवढी माणसा व्हती, तेवढ्या सगळ्या बायकाच व्हत्या."

"बायकाच व्हत्या," असं मग एकेक करून सगळी पंगत म्हणाली. गुरवाने नारळ पायरीवर आपटला. आई दोन्ही हातांनी पोटावरचा पट्टा घट्ट धरून हसायला लागली. हसता हसता तिची काजळाची मिशी गालभर पसरली, तरी ती थांबेना. आणि भाऊ रिकामी पळी हातात घेऊन पंगतीच्या मधोमध तिच्याकडे बघत उभेच राहिले, वाढायचं सोडून.